आधी काकूची पाळी

धुलाईखाना, दुपारची सुट्टी
ता. २ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या त्या डोंगरावर फोन लागत नाही. लागला तर मध्येच तुटतो, आणि तुटला की मला वाटतं तूच ठेवलास. म्हणून लिहिते. शाळा चौथीत सुटली, अक्षर तसंच राहिलं. वाचताना तोंड वाकडं करू नकोस.

इकडे सगळं ठीक. बॉयलर कुरकुरतोय आणि मुकादम बॉयलरपेक्षा जास्त. दवाखान्याच्या चादरी काही कमी होत नाहीत. घडी घालायला माझ्या जोडीला एक नवी बाई दिलीय. ती तिकडचं टोक नीट धरेपर्यंत मी दोन्हीकडची टोकं जुळवून मोकळी होते, मग ती रिकाम्या हातांनी माझ्याकडे बघत बसते. तिला सांगितलं, बघू नकोस, पुढची चादर घे.

आता मुद्दा. आमची गोगलगाय परवा दोन दिवस घरी येऊन गेली. तुझ्याकडे गेल्यापासून ती पोर मला ओळखू येत नाही. गॅलरीतली कपड्यांची दोरी कधीपासून झोळीसारखी लोंबतेय. मी रोज पिळा देते, ती रोज लोंबते, आमचं दोघींचं तसं ठरलेलं आहे. हिने पिशवी खाली ठेवली, दोरी सोडली, कसलीशी गाठ मारली, ओढली, आणि दोरी तारेसारखी ताठ. हिचे बाबा चहाचा कप हातात घेऊन त्या दोरीकडे असे बघत राहिले जशी दारात नवी गाडी आलीय. मला म्हणाले, बघ गं. मी म्हटलं, बघितली. गाठ कोणी शिकवली? काकूने.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी उकळत्या किटलीला हात लावला. मी टूथपेस्ट घेऊन धावले, आमच्याकडे भाजल्यावर तेच लावत आलेत. हिने मला अडवलं. बापाचा हात नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला. म्हणाली, आई, ते नको, काकू म्हणते नुसतं गार पाणी, पण भरपूर वेळ. नळ वाहतोय, बाप-लेक मोरीत उभे, आणि मी मागे ट्यूब घेऊन, माझ्याच घरात पाहुणी. फोड आला नाही. हेही लिहिते, कारण खोटं लिहायला मला जमत नाही.

काकू म्हणते पायात काटा मोडला तर असं. काकू म्हणते वाट चुकली की आधी खाली बसायचं. काकू असं म्हणते आणि काकू तसं म्हणते. मी वीस वर्षं काही म्हणतच नव्हते का गं? बुटाची नाडी बांधायला ही इतका वेळ लावायची की मीच बांधून द्यायची. वेणी मीच घालायची, डबा मीच भरायची. त्यातलं एकही अक्षर हिच्या तोंडून निघत नाही.

आणि ती तलावावरची नोकरी काय आहे? मला अर्धंच सांगितलं आणि गाडी पकडली. तू खरं ते लिही. गोड करून लिहू नकोस.

कळावे. लोभ आहे, पण सध्या त्याला सुरकुत्या पडल्यात.

तुझी थोरली जाऊ


तळावरून
ता. ११ एप्रिल

ती. सौ. जाऊबाईंस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तोंड वाकडं केलं नाही, हसले मात्र बरीच. हे जीप घेऊन खाली गेले होते, येताना टपाल आणलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच म्हणाले, वहिनी चिडलीय, पेन कागदात रुतलंय. दादांचा हात बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिते. डोंगराच्या पलीकडे मोठा तलाव आहे. तिथे माणसं फिरायला येतात, वाट चुकतात, पाण्यात पडतात. त्यांना शोधायला आणि बाहेर काढायला तिथे एक बचाव चौकी आहे. चौकीवर एक जागा निघाली आहे आणि आपल्या मुलीने त्यासाठी नाव दिलंय. पक्की नोकरी, राहायला खोली. आमच्या तळावर मुलींकडून त्याचीच तयारी करून घेतात, आणि त्यातलं बरंचसं माझ्याकडे असतं. ओल्या लाकडाने आग पेटवायची, मोडलेल्या हाडाला फळी बांधायची, धुक्यात वाट काढायची.

तुम्ही तिला गोगलगाय म्हणता, पण त्या सावकाशपणाचं इथे सोनं होतंय. ओलं लाकूड घेऊन ती बसते. आधी साल काढते, मग ओला थर, मग आतला कोरडा गाभा निघेपर्यंत चाकूने तासत राहते. बाकीच्या पोरी तोवर काड्यापेटी रिकामी करून एकमेकींवर खेकसत असतात. हिची आग शेवटी पेटते आणि शेवटपर्यंत टिकते. गाठी तर अशा मारते की इथे सगळे तिला सुतळी म्हणतात. रागावू नका, लाडाने म्हणतात.

आता अडचण. परीक्षेत सगळ्यात शेवटी तलाव पोहून जायचा असतो. चिंचोळ्या बाजूने, पण अंगावरच्या कपड्यांसकट. जिला दुसऱ्याला पाण्याबाहेर काढायचं तिला आधी स्वतः बाहेर येता आलं पाहिजे. पोहायला शिकवणारे गृहस्थ नोकरी सोडून समुद्राकडे निघून गेले, बदली माणूस अजून आलेला नाही. हिला पोहता येत नाही. माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या माहेरी नदीवर गेलो होतो तेव्हा तुम्ही पलीकडच्या काठावरून मला हाका मारत होता आणि मी पायरीवर चपला सांभाळत बसले होते.

मी तिला म्हटलं, आपल्या घरात एवढं पोहणारं माणूस असताना दुसरं कशाला शोधायचं, आईला बोलावू. त्यावर ती जे बोलली ते लिहू की नको असं झालं होतं, पण खरं लिही असा तुमचा हुकूम आहे. म्हणाली, "आई मला पाण्यात सोडतच नाही, आणि मग म्हणते तुला येत नाही."

तिचं मन वळवीन मी. तुम्ही येण्याचं बघा. तुमच्या सुरकुत्यांवर इस्त्री फिरवायची आमची इच्छा आहे.

तुमची धाकटी


धुलाईखाना
ता. १७ एप्रिल

धाकटीस,

पत्र मिळालं.

सुतळी. माझ्या पोरीला सुतळी. गोगलगाय हे नाव मी ठेवलंय, मी आई आहे, मी वाटेल ते ठेवीन. तुमच्या तळावरच्या लोकांनी आपापल्या पोरींना नावं ठेवावीत.

ती म्हणते मी तिला पाण्यात सोडत नाही. पाच वर्षांची होती. मीच नदीवर नेली, मीच सोडली. एक घोट नाकात गेला आणि तिने डोळे फिरवले. मी उचलली. मग पुन्हा सोडली, पुन्हा उचलली. कोणती आई उचलणार नाही? तू नसतीस उचललं. तुला जमतं, कारण ती तुझ्या पोटची नाही. पोटी काही नाही म्हणून तुला सोडता येतं. दुसऱ्याचं मूल आयतं मोठं झालेलं घ्यायचं, दोन गाठी शिकवायच्या, आणि शिकवणारी म्हणून मिरवायचं. ते सोपं आहे. तिला गोवर आला तेव्हा तुझ्या गाठी कुठे होत्या?

मी नदीत वाढले. चालायच्या आधी मला पाणी कळत होतं. मला कोणी शिकवलं नाही आणि मी कोणाला शिकवावं असं कोणाला वाटलंही नाही. आता वाटतंय, तेही माझ्या पोरीला नाही, तुला.

मी येणार नाही. तिला नको असेल तर मी काय स्वतःच स्वतःला पायघड्या घालून येऊ? तो समुद्राकडे गेलेला माणूस परत बोलवा.

थोरली


तळावरून
ता. २५ एप्रिल

ती. सौ. जाऊबाईंस नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटी लोभाचा शब्द नव्हता. कागद उलटून पाहिला, मागेही नव्हता.

ते पोटचं वाक्य मी वाचलं. वाचून झाल्यावर लाकडं फोडायला गेले, लागत नव्हती तेवढी फोडली. हे म्हणाले, मी दादाला लिहितो. मी नको म्हटलं. हे तुमचं-माझं आहे, त्यात पुरुषांचं काम नाही.

एवढंच सांगते की मलाही सोडता येत नाही. धुक्यातून तिला एकटीला खाली पाठवायचं होतं. मागे कोणी जायचं नाही असा इथला नियम आहे आणि तो नियम मीच मुलींना घोकून घेते. तरी मी झाडांच्या आडून तिच्या मागे मागे खालपर्यंत गेले. तिला माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

परवा ठरवलं की आपणच तिला घेऊन पाण्यात उतरू, जसं जमेल तसं. गुडघ्यापर्यंत गेले. पुढे पाऊल उचललंच नाही. शेवटी तीच मला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि माझे पाय पुसून दिले.

परीक्षा जूनच्या मध्याला आहे. पाण्यात नापास झाली तर जागा दुसरीला जाईल आणि तुमची मुलगी पिशवी उचलून तुमच्याकडे परत येईल. मग तिच्या तोंडी काकू राहणार नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर येऊ नका. मी तुम्हाला दोष देणार नाही, आणि तुम्ही मुद्दाम आला नाहीत हे तिला तर कळणारही नाही.

आमचा लोभ जागच्या जागी आहे.

धाकटी


तळावरून
ता. १४ मे

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

हात कसा आहे? भाजलेली कातडी अजून कोवळी असेल, उन्हात उघडा ठेवू नका. आई इथे पोचली हे तुम्हाला कळलं असेलच. धुलाईखान्याचा बॉयलर दुरुस्तीला काढलाय आणि घरी बसून कंटाळा आला असता म्हणून आले, असं ती इथे भेटेल त्याला सांगते आहे. खरं काय ते तुम्हाला माहीत असेल. सगळं सावकाश लिहिते, तुम्हाला सावकाश वाचायला आवडतं.

आल्या दिवशी तिने तळभर एक फेरी मारली आणि तंबूच्या प्रत्येक दोरीची गाठ ओढून पाहिली. एकही सुटली नाही. त्यामुळे तिचा चेहरा आणखीच उतरला. काकूशी ती फक्त कामापुरतं बोलत होती, मीठ दे, दार लाव, एवढंच. काकूही तितकंच. काका मध्ये बसून दोघींना उगाच हवापाण्याचं विचारत होते.

सकाळी आई मला तलावावर घेऊन गेली. काकू काठावर कोरडं कापड घेऊन उभी होती. आईने मला पोटाखाली हात देऊन आडवी केली, पाय हलव म्हणाली. मग हात काढला. माझ्या नाकात पाणी गेलं, मी खाली गेले, आणि तेवढ्यात आईने वेणीला धरून मला वर ओढलं. पुन्हा केलं. पुन्हा वेणी. बाबा, मला बुडण्याची भीती वाटायच्या आतच ती मला बाहेर काढत होती. मला काय होतंय ते मलाच कळू देत नव्हती. आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, तुझ्याच्याने होणार नाही, पाय लाकडासारखे आहेत. मी पाण्याबाहेर आले. म्हटलं, मी तुझ्याकडून शिकणार नाही, नापास झाले तरी चालेल. आणि जाऊन खडकावर बसले.

आई कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी. हातांना काम नव्हतं म्हणून स्वतःच्या बाह्या पिळत होती, पाण्यात उभी राहून. मग तिची नजर काकूवर गेली. म्हणाली, "तू ये. तू बुडलीस तरी मला झोप लागेल."

मला वाटलं काकू आता सामान उचलून निघून जाईल. काकूने हातातलं कापड दगडावर ठेवलं, चपला काढल्या, आणि सरळ पाण्यात शिरली. गुडघ्याच्या पुढे. मी काकूला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. चिडली होती म्हणूनच घाबरायचं विसरली असं मला वाटतं.

मग जे झालं ते मी खडकावरून पाहिलं. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तोंडाने सांगत गेली. डोकं मागे टाक. कान पाण्यात जाऊ दे. पोट वर. छातीत हवा भरून घे, ती सोडू नकोस. काकू खाली गेली, खोकत वर आली. आई जागची हलली नाही. म्हणाली, थुंक आणि परत. काकू पुन्हा खाली गेली, पुन्हा थुंक आणि परत. काकू आईला जे बोलली ते मी लिहीत नाही, काकांनाही माहीत नसेल की तिला असले शब्द येतात. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. इतकी शांत आई मी घरात एकदाही पाहिलेली नाही.

त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. त्याच्याही पुढच्या सकाळी काकू तरंगली. डोळे घट्ट मिटलेले, केस पसरलेले, पाण्यावर एखादी फळी सोडावी तशी. आई म्हणाली, मान कडक आहे. तेवढंच. पण बघत राहिली.

संध्याकाळी मी आणि आई भांडी घासत होतो तेव्हा मी विचारलं, काकूला कसं गं सोडतेस? आई बराच वेळ एकाच पातेल्यावर हात फिरवत होती. मग म्हणाली, "तिचं काही झालं तर मी भाऊजींना काय ते सांगेन. तुझं झालं तर मला कोणी काय सांगणार आहे?" आणि माझ्या हातातली ताटली काढून घेऊन स्वतःच घासायला लागली. मी ती परत घेतली. तिने दिली.

दुसऱ्या दिवशी काकू पाण्यात उतरली तेव्हा मीही उतरले आणि तिच्या मागे उभी राहिले. आईने विचारलं, तू काय करतेस? मी म्हटलं, काकूचं झालं की माझी पाळी. काकूचं झालं. आईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि काकूला म्हणाली, "धर. मी कितीही शिव्या दिल्या तरी सोडू नकोस."

काकूने मागून आईची मनगटं पकडली, चोराला पकडतात तशी. मी मागे डोकं टाकलं आणि खाली गेले. नाकात, घशात, सगळीकडे पाणी. पाण्याखालूनही मला आईचा आवाज येत होता, आणि तिचे पाय दिसत होते. तळाच्या वाळूत पाय रोवून ती काकूसकट पुढे सरकत होती. पण हात आले नाहीत. मी वाट पाहिली, आले नाहीत. मग कधीतरी माझे कान पाण्यात राहिले आणि नाक बाहेर. आई ओरडायची एकदम थांबली, नुसतं आभाळ दिसत होतं. बाबा, मी तरंगत होते.

बाहेर आले तेव्हा काकूच्या हातांवर आईची नखं उमटली होती आणि आईचा घसा बसला होता. कापड एकच होतं, त्याचं एक टोक आईने घेतलं, दुसरं काकूने.

आता रोज असंच चाललंय. आधी काकू, मग मी. हात मारायला शिकले, पाय अजून लाकडासारखेच आहेत म्हणे. आई शनिवारी निघेल. मग पुढचं माझं मला करायचंय, काकू काठावरून लक्ष ठेवील. तुम्ही आईला फार विचारू नका, तीच सांगेल, आणि निम्मं वेगळं सांगेल. तेही खरं माना.

माया असू द्यावी.

तुमची मुलगी


तळावरून
ता. १७ जून

ती. सौ. जाऊबाईंस,

शि. सा. न. वि. वि.

पास झाली हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. आवाज तुटत होता म्हणून बाकीचं लिहिते. तुम्ही असायला हव्या होतात. मुकादमाने सुट्टी नाकारली हे ऐकून ह्यांनी त्याला इथून शिव्या दिल्या, त्याला उचक्या लागल्या असतील.

आग, फळी, वाट, सगळं आदल्या दिवशी झालं होतं. मी निर्धास्त होते. तलावाच्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. चौकीच्या प्रमुख बाई नावेत बसल्या, नाव मुलींच्या बाजूने जरा अंतर ठेवून चालते. आपली मुलगी शर्ट-पँट आणि बुटांसकट उतरली. आधी ठीक चालली होती. बरोबरच्या पुढे गेल्या, ही मागे, तिच्या चालीने. मध्यावर गेली आणि थांबली. कपडे जड झाले असावेत, लाट तोंडावर येत होती. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. मी काठावर. नावेतून वल्हं पुढे केलेलं मला दिसलं. त्याला हात लावला की नापास.

तिने हात लावला नाही. वळली आणि पाठीवर पडली. डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर. नाव शेजारी डुलत होती, वल्हं पुढेच होतं, आणि ही आभाळाकडे बघत पडून राहिली. बाई काहीतरी विचारत होत्या, हिला ऐकू जात नव्हतं. कान पाण्यात होते ना. किती वेळ कोण जाणे. मग पालथी झाली आणि पोहत आली.

जाऊबाई, तुम्ही मला खरं लिहायची सवय लावलीत म्हणून लिहिते. इतके दिवस मी तिला ओलं लाकूड पेटवायला शिकवलं, गाठी शिकवल्या, वाट काढायला शिकवली. तलावाच्या मध्यावर त्यातलं काहीच तिच्या हाती नव्हतं. तिथे तिच्याजवळ फक्त तुमचं होतं. मी काठावर उभी राहून देवाला हात जोडायचे सोडून जळत होते. मला तुमचा हेवा वाटला. तुमच्या हातचं जसं तिला उपयोगी पडलं तसं माझ्या हातचं काही पडावं, असं वाटलं, आणि ती अजून पाण्यातच होती. अशी मी.

एक तारखेला ती चौकीवर रुजू होईल. डोंगर ओलांडून जावं लागतं, सुट्टी क्वचित. म्हणजे माझ्याकडूनही गेली. तिची पिशवी भरून झाली आहे. मी भरायला गेले तर मला म्हणाली, मी भरते.

लोभ आहेच, तुमच्याकडच्याचं काय ते तुम्ही कळवा.

तुमची धाकटी


धुलाईखाना, दुपारची सुट्टी
ता. २४ जून

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

तू जळलीस ते वाचून मला बरं वाटलं. ती ओळ मी दोनदा वाचली. ह्यांनाही वाचून दाखवली, मुद्दाम मोठ्याने. हे म्हणाले, झालं का समाधान? झालं, म्हटलं.

पण पुरतं नाही झालं. काठावर कोण होतं? तू. ओल्या पोरीला कोरड्या कापडात कोणी गुंडाळलं? तू ते लिहिलं नाहीस, पण गुंडाळलंच असशील, मला काय कळत नाही? मी त्या दिवशी इथे वाफेत चादरी ओढत होते. एक चादर यंत्रात अडकली, मुकादम ओरडत आला, मी त्याला म्हटलं, आज माझ्याशी बोलू नका. तो माझ्या तोंडाकडे बघून परत गेला. आणि फोन आला तेव्हा तिने निकाल आधी बापाला सांगितला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. फोन त्यांच्याच हातात होता, हे खरं आहे, पण माझ्या हातात द्या असं तिला म्हणता आलं असतं.

काल तिचं चौकीबद्दलचं पहिलं पत्र आलं. रुजू व्हायच्या आधीच लिहिलंय, तळावरूनच, म्हणजे उत्साह बघ. त्या प्रमुख बाई तिला नाव चालवायला शिकवणार म्हणे, आणि काळोखात दिव्याच्या खुणा करायला. पानभर त्या बाईच. कोण आहे ही बाई? वय काय, माणूस कसं आहे? तिला स्वतःची मुलंबाळं आहेत का? भाऊजींना विचारून सगळं कळव. आपल्या दोघींना सोडून ती आता तिसरीच्या हाताखाली चालली, तुला त्याचं काही वाटत नाही का? मला वाटतंय. तुलाही वाटत असेल तर तसं लिही, म्हणजे मला एकटीला वाटायला नको.

ते पोटचं जे मी लिहिलं होतं, त्याचं समोर बसून बोलू. कागदावर मला वाईटच लिहायला येतं, त्याच्या उलटं लिहायला जमत नाही.

म्हणून तू इकडे ये. ऑक्टोबरात धुलाईखाना पुन्हा बंद ठेवणार आहेत. खरंच ठेवणार आहेत, हवं तर मुकादमाला विचार. तोवर नदीचं पाणी निवळलेलं असतं. माझ्या माहेरी जाऊ. तू तरंगतेस, पण त्याला पोहणं म्हणत नाहीत. पाण्यावर नुसतं पडून राहायला काय, फळीही पडून राहते. तुला मी अजून खोलात नेलेली नाही. तिथे पाय टेकत नाहीत, आणि ते शिकल्याशिवाय बाकीचं शिकलेलं काही कामाचं नाही.

येताना भाऊजींना बरोबर आण. त्यांना पोहायला येत नाही तरी चालेल, कमरेइतक्या पाण्यात उभं राहता आलं की झालं. मे महिन्यात तुला सोडून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले होते, आता ते माझ्याच्याने व्हायचं नाही. माझे हात धरायला कोणीतरी लागेल.

कळावे. लोभ वाढलाय, सांभाळून घ्यावा.

तुझी थोरली जाऊ